विश्लेषण : पंचगंगा दरवेळी त्याच जागी का पसरते? कोल्हापूरच्या जमिनीची घडण काय सांगते?

पावसाळा सुरू झाला की कोल्हापूरकरांच्या मोबाइलवर एक आकडा फिरू लागतो. तो म्हणजे राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पाणीपातळी. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये हा आकडा ५५ फुटांपर्यंत जाऊन पोहोचला. जुलै २०२४ मध्येही नदीने धोका पातळी ओलांडली. दरवेळी चर्चा दोन गोष्टींभोवती फिरते : पाऊस किती झाला आणि धरणातून पाणी किती सोडले. पाणी ज्या जमिनीवर पसरते ती जमीन मुळात इतकी सपाट का आहे, हा तिसरा प्रश्न मात्र मागे राहतो. त्याचे उत्तर भूरूपशास्त्र देते. पूररेषा कुठे आखायची, रस्त्याला भराव घालायचा की खांब उभारायचे, गाव हलवायचे की नाही, हे सगळे निर्णय शेवटी याच उत्तरापाशी येतात.

भूरूपशास्त्र म्हणजे काय?

डोंगर, दऱ्या, पठारे, नदीकाठची मैदाने, समुद्रकिनारे यांना भूरूपे म्हणतात. ती कशी तयार झाली, कोणत्या प्रक्रियांमुळे बदलतात आणि किती वेगाने बदलतात, याचा अभ्यास म्हणजे भूरूपशास्त्र. भूगर्भशास्त्र प्रामुख्याने खडक कशाचा आहे आणि कधीचा आहे ते सांगते. भूरूपशास्त्र त्या खडकाला आजचा आकार कसा मिळाला ते सांगते.

या बदलामागे दोन बाजूंनी काम चालते. पृथ्वीच्या आतील शक्ती जमीन उचलतात, खचवतात, लाव्हा बाहेर टाकतात. बाहेरून ऊन, पाऊस, वारा, वाहते पाणी तीच जमीन झिजवतात. खडक जागच्या जागी कुजतो आणि फुटतो त्याला विदारण म्हणतात. सुटा झालेला माल पाणी उचलून नेते ते क्षरण आणि वहन. वेग कमी झाल्यावर तो माल खाली बसतो ते संचयन. हे शब्द शाळेच्या भूगोलात सर्वांनी पाठ केलेले असतात. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र या सर्व प्रक्रिया गगनबावडा ते नृसिंहवाडी अशा एका दिवसाच्या प्रवासात डोळ्यांनी पाहता येतात.

या अभ्यासाची सुरुवात कशी झाली?

स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडले की, आज आपल्यासमोर चालणाऱ्या संथ प्रक्रियांनीच पृथ्वीचा पृष्ठभाग घडला असून त्यासाठी अफाट काळ लागला आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी नदीचा उतार, तिच्यातील पाणी आणि ती वाहून नेत असलेला गाळ यांचा परस्परसंबंध उलगडला. विल्यम मॉरिस डेव्हिस यांनी भूरूपांच्या युवा, प्रौढ आणि वृद्ध अशा अवस्था कल्पिल्या. आपल्या पाठ्यपुस्तकांत नदीच्या ज्या तीन अवस्था असतात त्यांचे मूळ तिथे आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून हा विषय वर्णनाकडून मोजमापाकडे वळला. रॉबर्ट हॉर्टन आणि आर्थर स्ट्रालर यांनी ओढे-नद्यांच्या जाळ्याला क्रमांक देऊन त्याचे गणित मांडले. महाराष्ट्रात के. आर. दीक्षित यांनी पश्चिम घाट आणि पठाराच्या भूरूपांचा अभ्यास केला. विश्वास काळे यांनी नर्मदा आणि तापीच्या काठांवर साचलेल्या जुन्या गाळावरून नोंदी नसलेल्या काळातील महापुरांचा माग काढला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एस. एन. राजगुरू यांनी नद्यांच्या गाळाचे थर वाचून प्राचीन हवामान समजून घेण्याचे काम केले. म्हणजे आपल्या नद्या समजून घेण्यासाठी लागणारी विद्या आपल्याच राज्यात उभी राहिलेली आहे.

कोल्हापूरच्या जमिनीचा पाया कोणता?

जिल्ह्याच्या बहुतेक भागाखाली बेसाल्ट हा काळा पाषाण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. त्यातून दख्खनचे पठार तयार झाले. झीज होऊनही हा खडक आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. कोल्हापूर या लाव्हाक्षेत्राच्या दक्षिण टोकाजवळ येते. पुढे बेळगावच्या दिशेने लाव्हाचे थर पातळ होतात आणि त्याखालचे जुने खडक उघडे पडू लागतात.

सर्व थर सारखे टणक नाहीत. काही घट्ट आहेत, काही सच्छिद्र, तर दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीसारखा मऊ पट्टा असतो. मऊ थर लवकर झिजतो, टणक थर टिकून राहतो. त्यामुळे आपल्या डोंगरांच्या उतारांना जिन्यासारखा पायऱ्यांचा आकार आलेला दिसतो. या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातील ‘ट्रॅप’ हा शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे.

बेसाल्ट कुजला की आधी मुरूम होतो आणि पुढे माती. घराच्या पायात किंवा रस्त्यावर आपण जो मुरूम टाकतो तो म्हणजे अर्धवट विदारण झालेला बेसाल्टच.

सह्याद्री हा डोंगर की पठाराची कड?

हिमालय दोन भूखंडांच्या टकरीतून वर उचलला गेला. सह्याद्रीचे तसे नाही. कोकणातून पाहिले तर तो उंच भिंतीसारखा दिसतो, कोल्हापूरच्या बाजूने गेले तर घाट कधी आला ते गगनबावड्याची कडा समोर येईपर्यंत नीट जाणवतही नाही. कारण सह्याद्री ही दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडील तुटलेली कड आहे.

लाव्हाच्या उद्रेकांच्या काळाच्या आसपास सेशेल्सचा भूभाग भारतापासून वेगळा झाला आणि पश्चिम किनारा आकाराला आला. त्यानंतर कोकणात उतरणाऱ्या आखूड, तीव्र उताराच्या नद्या ही कड सतत कुरतडत आल्या आहेत. ती मूळ जागेपासून किती पूर्वेकडे सरकली याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद आहेत, पण झीज आजही सुरू आहे. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली या घाटांत पावसाळ्यात कोसळणाऱ्या दरडी हा त्याच प्रक्रियेचा भाग आहे.

या रचनेचा कोल्हापूरशी थेट संबंध आहे. कुंभी, कासारी, भोगावती या नद्यांचे उगम अरबी समुद्रापासून सरळ रेषेत जेमतेम ५०-६० किलोमीटरवर आहेत. पण पठाराचा उतार पूर्वेकडे असल्याने त्यांचे पाणी कृष्णेतून शेकडो किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. जवळचा समुद्र सोडून लांबच्या समुद्राकडे निघालेल्या या पाण्याला वाटेत फारसा उतार मिळत नाही.

पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार माथ्यावर सपाट का?

पन्हाळा शहरापासून वायव्येला सुमारे २० किलोमीटरवर आहे आणि भोवतालच्या मैदानापेक्षा तीन-चारशे मीटर उंच आहे. इतका वर चढून गेल्यावर सपाटी लागते. मसाई पठारावर तर मैलभर चालत राहावे अशी सपाटी आहे. या माथ्यांवर जांभा दगडाचे टोपण आहे. उष्ण आणि आलटून पालटून ओल्या-कोरड्या हवामानात बेसाल्टमधील सिलिका हळूहळू विरघळून निघून जाते, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहतात. त्यांचा घट्ट थर म्हणजे जांभा. ॲल्युमिनियम जास्त साचले तिथे बॉक्साइट मिळते. शाहूवाडी आणि राधानगरीच्या डोंगरमाथ्यांवर बॉक्साइटच्या खाणी निघाल्या त्या यामुळे.

आज वेगवेगळे दिसणारे हे सपाट माथे एका जुन्या, सलग पृष्ठभागाचे अवशेष असावेत, असे मानले जाते. मधला भाग नद्यांनी कोरून नेला, जांभ्याच्या टोपणाखालचा भाग वाचला. म्हणजे पन्हाळ्याच्या तटावर उभे राहून खाली पाहिले तर दिसणारी दरी भरून टाकेल इतका दगड-माती पाण्याने वाहून नेलेला आहे.

जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपते आणि खालच्या चिकणमातीच्या थरावर अडते. त्यामुळे अशा माथ्यांच्या कडेला झरे फुटतात. मात्र याच रचनेमुळे कडा कमकुवतही होतात. खालची मऊ माती पाण्याने वाहून गेली की वरचा जांभा आधार सुटून कोसळतो.

पंचगंगा नेमके काय काम करते?

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानली जाणारी सरस्वती अशा पाच नद्यांची मिळून पंचगंगा, असे परंपरा सांगते. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखली येथे हा संगम आहे. तिथून सुमारे ८० किलोमीटर वाहून ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते.

नदीची काम करण्याची ताकद मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती आहे आणि उतार किती आहे. घाटमाथ्याजवळ उतार तीव्र असल्याने नदी तळ कापते, दगडगोटे वाहून नेते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते हलवू शकेल अशा मोठ्यात मोठ्या दगडाचे वजन दुप्पट नव्हे, ६४ पट होते, असा एक जुना नियम आहे. वेग निम्म्यावर आला की याच हिशेबाने ताकद कोसळते. संगमाच्या आसपास उतार कमी होतो, नदीच्या हातातले ओझे सुटते आणि गाळ खाली बसू लागतो.

आपल्या नद्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. वर्षभराचे बहुतेक काम त्या पावसाळ्यातील मोजक्या दिवसांत उरकतात. उन्हाळ्यात घाटावरून दिसणारी संथ पंचगंगा म्हणजे नदीची सुट्टी. तिचे पात्र आणि काठ घडतात ते पुराच्या दिवसांत. म्हणून जानेवारीत जागा पाहून नदीचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

पूरमैदान म्हणजे काय?

पुराचे पाणी पात्राबाहेर पसरले की त्याचा वेग एकदम मंदावतो आणि बारीक गाळ खाली बसतो. हजारो वर्षे असे थर साचून जो सपाट पट्टा तयार होतो ते पूरमैदान. ते नदीनेच बांधलेले असते. नदीकाठच्या शेतकऱ्यांना हे शास्त्राच्या भाषेत सांगावे लागत नाही. माळ आणि मळी हा फरक त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. माळावर मुरमाड जमीन आणि घर, मळीत गाळाची कसदार जमीन आणि ऊस, अशी जुनी विभागणी होती.

सपाट भागात नदी सरळ वाहत नाही. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी जोरात आदळते आणि काठ खाते, आतल्या बाजूला गाळ टाकते. त्यामुळे वळण हळूहळू सरकत जाते. कोल्हापूरच्या खाली इचलकरंजीच्या दिशेने पंचगंगेची अशी नागमोडी वळणे नकाशावर स्पष्ट दिसतात. सातबाऱ्यावरची हद्द कायम असते, नदीचा काठ कायम नसतो. काठावरच्या जमिनींचे अनेक वाद इथून सुरू होतात.

वस्तीसाठी जागा निवडताना हा फरक पूर्वीच्या लोकांनीही ओळखला असावा. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी या उंचवट्यावर डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी १९४५-४६ मध्ये उत्खनन केले. तिथे सातवाहन काळातील वस्तीचे अवशेष मिळाले. नदी हाताशी आणि पायाखाली उंचवटा, अशी ती जागा आहे.

पाणी इतके दिवस का थांबते?

पहिले कारण पावसाची विभागणी. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून अवघ्या ५५ किलोमीटरवरील कोल्हापुरात सुमारे एक हजार, तर पूर्वेकडे शिरोळमध्ये पाचशे-सहाशे मिलिमीटरच. म्हणजे शिरोळमध्ये ऊन पडलेले असतानाही दारात पाणी येऊ शकते. ते पाणी पश्चिमेकडे आधीच पडून गेलेले असते.

दुसरे कारण उताराचा अचानक बदल. घाटमाथ्यावरून वेगाने उतरलेले पाणी संगमाजवळ एकत्र येते आणि तिथून पुढे सपाटी लागते. आवक जलद आणि निचरा संथ, म्हणून पाणी आडवे पसरते. बादलीच्या नळीपेक्षा वरचा नळ मोठा सोडला तर बादली भरतेच, तसा हा प्रकार आहे.

तिसरे कारण संगमांची गर्दी. वारणा, पंचगंगा, दूधगंगा या नद्या थोड्या थोड्या अंतराने कृष्णेला मिळतात. कृष्णा स्वतःच दुथडी भरलेली असली की उपनद्यांचे पाणी आत शिरायला जागा राहत नाही. ते मागे तुंबते. यालाच फुगवटा म्हणतात. शहरातही हेच लहान प्रमाणात घडते. पंचगंगेची पातळी वाढली की जयंती नाल्याचे पाणी नदीत जाण्याऐवजी उलटे शहरात शिरते आणि शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या परिसरात नदी दिसत नसतानाही पूर येतो.

मग अलमट्टीचे काय?

कर्नाटकातील अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याला कोल्हापूर-सांगलीतून विरोध आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. त्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नसल्याचा निष्कर्ष समितीने काढला. हा निष्कर्ष सर्वांना मान्य नाही आणि उंची वाढवण्याचा प्रश्न दोन राज्यांमधील वादाचा आहे.

भूरूपशास्त्र इथे निकाल देत नाही, पण वादाची चौकट स्पष्ट करते. अत्यंत मंद उताराच्या नदीत खालच्या बाजूला केलेल्या कोणत्याही बदलाचा परिणाम वर किती अंतरापर्यंत जातो, हे तळाचा उतार, पात्राची रुंदी आणि साचलेला गाळ मोजूनच सांगता येते. गाळ साचत असल्याने एकदा केलेले मोजमाप कायमचे पुरत नाही. दुसरी बाब म्हणजे, अलमट्टी नव्हते तेव्हाही हे पूरमैदान होते. ते धरणाने तयार केलेले नाही.

माणसाने काय बदलले?

पूरमैदानाचे काम पाणी काही दिवस साठवणे आणि सावकाश सोडणे हे आहे. तिथे भराव टाकून बांधकाम केले की तेवढ्या घनफळाचे पाणी शेजारच्या जागेत जाते. एका प्लॉटचा परिणाम नगण्य वाटतो, शेकडो प्लॉटचा तसा राहत नाही.

रस्त्यांचे भराव हा आणखी गंभीर मुद्दा. पूरमैदानाला आडवा जाणारा उंच भराव पाण्याच्या दृष्टीने बांधच असतो. पुणे-बेंगळूरु महामार्ग २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. रस्ता बुडू नये म्हणून त्याची उंची वाढवणे हा सोपा उपाय वाटतो, पण भराव वाढवला तर वरच्या बाजूच्या गावांत पाणी चढते. म्हणूनच या पट्ट्यात भरावाऐवजी खांबांवर पूल किंवा पुरेशा मोऱ्या हव्यात, अशी मागणी स्थानिक पातळीवर होत आली आहे. खर्च जास्त येतो हे खरे, पण तो पुराच्या नुकसानीसोबत मांडून पाहायला हवा.

याशिवाय ओढ्या-नाल्यांची पात्रे अरुंद झाली, वीटभट्ट्यांसाठी काठाची माती उचलली गेली, धरणांमुळे नदीत येणाऱ्या गाळाचे प्रमाण बदलले. नदी या प्रत्येक बदलाला आपला उतार आणि रुंदी बदलून उत्तर देते. ते उत्तर दिसायला कधी एक पावसाळा लागतो, कधी पन्नास वर्षे.

निळी आणि लाल रेषा काय सांगते?

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. साधारण २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील पट्टा निषिद्ध, निळ्या आणि लाल रेषेमधील पट्टा नियंत्रित मानला जातो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मोठा गैरसमज होतो. २०१९ ला आला, आता २११९ ला येईल, असा त्याचा अर्थ नाही. दरवर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का, इतकाच अर्थ आहे. २५ वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी चार टक्के. आता हे गणित २० वर्षांच्या गृहकर्जाला लावून पाहा. निळ्या रेषेच्या काठावरील घरात कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के आहे. लाल रेषेच्या काठावर ती सुमारे १८ टक्के. निळ्या रेषेच्या आत जाल तशी ती आणखी वाढते. शिवाय या रेषा जुन्या नोंदींवर आखल्या जातात. हवामानबदलामुळे थोड्या काळात अतिमुसळधार पाऊस पडण्याचे प्रमाण वाढते आहे. त्यामुळे कालची ‘शंभर वर्षांची’ पातळी उद्या अधिक वेळा गाठली जाऊ शकते.

डोंगर का खचतात?

उतारावरील मातीचे वजन तिला खाली ओढते आणि मातीच्या कणांमधील घर्षण तिला धरून ठेवते. पाऊस मुरला की वजन वाढते आणि कणांमधील पाण्याच्या दाबामुळे घर्षण घटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होतात. सलग काही दिवस पाऊस झाला आणि त्यावर एक अतिवृष्टीची रात्र आली की तोल जातो. बेसाल्टवर कुजलेल्या मातीचा जाड थर असलेल्या उतारांवर हा धोका अधिक असतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण येथे दीडशेहून अधिक माणसे गाडली गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक जीव गेले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरजवळच्या इर्शाळवाडीवर दरड आली.

कोल्हापूरने याची झलक पाहिली आहे. जुलै २०२१ मध्ये पन्हाळ्याचा मुख्य रस्ता खचला आणि गडावरची वाहतूक बंद पडली. जुलै २०२५ मध्ये पन्हाळ्याचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. पर्यटक वाढतील, वाहने वाढतील, बांधकामांची मागणी वाढेल. उताराचा पायथा कापणे, माथ्यावरचे सांडपाणी आणि पावसाचे पाणी कुठेही सोडून देणे या गोष्टी अशा रचनेत सर्वाधिक घातक असतात. तट वाचवायचा असेल तर आधी त्याखालच्या पाण्याची वाट लावून द्यावी लागेल.

हे बदल मोजतात कसे?

पूर्वी नकाशा, दुर्बीण आणि पायपीट हीच साधने होती. पायपीट आजही टळलेली नाही, पण सोबत नवी साधने आली आहेत. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानाने रडारच्या साह्याने जगाच्या बहुतेक भूभागाची उंची मोजली. ती माहिती आज सर्वांना मोफत मिळते आणि त्यातून कोणत्याही गावाचा उतार घरबसल्या काढता येतो. ‘इस्रो’चे ‘भुवन’ संकेतस्थळ उपग्रहचित्रे दाखवते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने देशातील दरडप्रवण भागांचे नकाशे तयार केले आहेत. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला ‘नासा’ आणि ‘इस्रो’चा ‘निसार’ हा संयुक्त उपग्रह जमिनीची काही मिलिमीटर ते सेंटिमीटर इतकी हालचालही टिपू शकतो. उतार कोसळण्यापूर्वी अनेकदा हळूहळू सरकत असतो. ते सरकणे वेळेत कळले तर माणसे हलवायला अवधी मिळतो.

गाळाचे वय काढण्याच्याही पद्धती आहेत. वाळूचा कण शेवटचा उन्हात कधी होता, खडकाचा पृष्ठभाग किती काळ उघडा आहे, हे प्रयोगशाळेत काढता येते. त्यामुळे पंचगंगेच्या काठचा प्रत्येक उभा कापलेला काठ हा पूरनोंदीचा दस्तऐवज ठरू शकतो.

गाव हलवणे हा उपाय आहे का?

१९८९ च्या पुरानंतर चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांसाठी सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आली. काही कुटुंबांनी तिथे घरे बांधली, अनेकांचा संसार जुन्या गावातच राहिला. पूर आला की सोनतळी गाठायची आणि ओसरला की परतायचे, असे वर्षानुवर्षे चालले आहे. बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. पण शेत, गोठा, दूध डेअरी, देऊळ, भावकी हे सगळे खाली मळीत आहे. जी जमीन पुराने बुडते तीच पुराच्या गाळाने पिकते. उत्पन्न आणि धोका यांचा उगम एकच असल्याने निवड सोपी नाही.

म्हणून प्रश्न गाव उठवण्याचा नाही, पूरमैदानाचा कोणता भाग कशासाठी वापरायचा याचा आहे. तिथे ऊस आणि वैरण चालेल, कारण पीक बुडाले तरी पुढच्या वर्षी पुन्हा घेता येते. रुग्णालय, शाळा, पाणीपुरवठ्याचा पंप, विजेचे उपकेंद्र मात्र उंचावर हवे. पूर आलेल्या दिवशी याच गोष्टींची सर्वाधिक गरज असते.

प्लॉट घेण्यापूर्वी काय पाहावे?

जागा निळ्या-लाल रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे विकास आराखड्यात आणि जलसंपदा विभागाच्या नकाशात तपासावे. २०१९ आणि २०२१ मध्ये तिथे पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे. बऱ्याच भिंतींवर त्या पातळीच्या खुणा अजून आहेत. पायाच्या खड्ड्यात मुरूम लागतो की चिकट गाळ, ते पाहावे. गाळ लागला तर तो कधीतरी नदीनेच आणलेला आहे. जवळचा नाला पूर्वी किती रुंद होता, हे जुन्या गाव नकाशावर दिसते. डोंगरउतारावरील जागा असेल तर झाडांची खोडे खालच्या बाजूला वाकलेली आहेत का, जमिनीला भेगा आहेत का, नवे झरे फुटले आहेत का, याकडे लक्ष द्यावे.

या तपासणीला एखादा दिवस लागतो. विक्रेत्याने जागा उन्हाळ्यात दाखवली असेल, तर व्यवहारापूर्वी ती एकदा जुलैच्या अखेरीस जाऊन पाहावी.